चारशे बारा नंबरचा हेर

टीव्हीवरच्या त्या हेरमालिकेचे तेरा भाग संपून दोन वर्षं होत आली, तरी लोक मला रस्त्यात थांबवून एकच गोष्ट विचारतात. "तो हेराचं काम करणारा माणूस कोण हो?" मी नाव सांगतो. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "बरं, दिसायला कसा आहे?" तेरा भाग, प्रत्येकी बावीस मिनिटं, म्हणजे चार तास सेहेचाळीस मिनिटं ज्याला समोर पाहिलं, त्याच्याबद्दल हा प्रश्न! या अंकाच्या संपादकांनीही त्याचा फोटो मागितला होता. माझ्याकडे त्याचे चार फोटो आहेत. चारही त्याचेच आहेत हे शपथेवर सांगावं लागेल इतके ते वेगळे दिसतात. त्यातला कोणता छापायचा हे मला ठरवता येईना, म्हणून फोटोऐवजी हा मजकूर पाठवतो आहे.

मी कोल्हापुरातल्या एका स्टुडिओला एक्स्ट्रा पुरवतो. या धंद्यात वीस वर्षं झाली. एक्स्ट्रा म्हणजे सिनेमात गर्दी करणारी माणसं: फौज, दरबार, बाजार, लग्नाचं वऱ्हाड. लोकांना वाटतं, माणसं गोळा करायची आणि उभी करायची, त्यात काय कळायचं आहे? पण दरबारात बसायला शाळामास्तर लागतात, कारण दोन तास न हलता बसायची त्यांना सवय असते. लढाईला तालमीतली पोरं उत्तम, पण त्यांना हरायला सांगितलं की भांडणं होतात. म्हणून पळणारी फौज जेवणाआधी घ्यायची आणि जिंकणारी जेवणानंतर. हे कुठल्या पुस्तकात नाही. हे माझ्या रजिस्टरात आहे.

त्या रजिस्टरात बाराशे सहा नावं आहेत. प्रत्येकाचं वय, उंची, छाती, मिशी स्वतःची की चिकटवायची, स्वतःची असल्यास काढायला तयार आहे का, घोड्यावर बसतो का, आणि शेवटी 'शेरा'. एक रकाना मात्र माझा स्वतःचा शोध आहे. त्याचं नाव 'फेरे'. चाळीस माणसांची दोनशे दाखवायची असतील, तर ती कॅमेऱ्यासमोरून जातात, मागून वळसा घालून पळत येतात, फेटा बदलतात आणि पुन्हा समोरून जातात. एकच माणूस एका शॉटमध्ये किती वेळा गेला तरी ओळखू येत नाही, तो आकडा म्हणजे फेरे. साधारण माणसाचे दोन. झुपकेदार मिशीच्या पैलवानाचा एक. माझ्या सगळ्या रजिस्टरात सहा फेरे एकाच माणसाचे आहेत: नंबर चारशे बारा, भैरू हेब्बाळकर, मूळ गाव नेसरी.

भैरू पहिल्यांदा आला तेव्हा बाविशीतला होता. पाच फूट साडेपाच इंच. रंग, नाक, डोळे, सगळ्यापुढं मी 'मध्यम' असं लिहिलं आहे. पुढे तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत मोल्डर झाला, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे भरणारा. तरी शूटिंग असलं की रजा टाकून यायचा. दर पाडव्याला नेसरीच्या तांदळाची पिशवी घेऊन घरी यायचा, माझ्या बायकोला 'अक्का' म्हणायचा, चहा प्यायचा आणि जायचा. मला म्हणायचा, "मॅनेजर, बोलायचं काम असंल तर बगा की." मी "बघू" म्हणायचो. कारण त्याच्या नावापुढे शेरा होता: 'संवाद देऊ नये.' तो मीच लिहिला होता.

त्याचं असं झालं. माझं नोकरीचं पहिलंच वर्ष, लग्नाचंही पहिलंच. एका ऐतिहासिक सिनेमाचं काम पन्हाळ्याच्या बाजूला माळावर चाललं होतं. भैरूला जासुदाचं काम मिळालं होतं. धावत यायचं, मुजरा करायचा, मागच्या टेकाडावरून बारा घोडेस्वार पार झाले की बोलायचं: "वाट मोकळी आहे, सरकार." कॅमेरा चालू असताना ओरडून सांगता येत नाही, म्हणून इशारा हाताचा. मी कॅमेऱ्याशेजारी हात वर धरून उभा. बारावा घोडा गेला की हात खाली, आणि भैरूनं बोलायचं.

भैरू आला, मुजरा केला आणि गप्प उभा राहिला. बोललाच नाही. बोलेना, बोलेना, आणि दिग्दर्शक कडाडले, "हा मुका कुठनं धरून आणला रे?" तेवढ्यात ऊन गेलं. घोडे दुसऱ्या दिवशी परत जायचे होते. तो प्रसंगच सिनेमातून गळला. संध्याकाळी घरी येऊन मी रजिस्टर उघडलं आणि शेरा लिहिला. तेव्हा मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मी पाहिलं तेच लिहिलं, अशी माझी समजूत होती.

त्यानंतर सतरा वर्षांनी देशिंगकर माझ्याकडे आले. देशिंगकर आमच्याच गावचे, मुंबईत बरीच वर्षं साहाय्यक दिग्दर्शक म्हणून घालवून परत आलेले. टीव्ही केंद्रासाठी मराठीत हेरमालिका करायची म्हणत होते. त्यासाठी आधी नमुन्याचा एक भाग तयार करून केंद्राला दाखवावा लागतो, तो पसंत पडला तर पुढचे बारा. गोष्ट त्यांनी आणि एका निवृत्त फौजी अधिकाऱ्यानं मिळून आठ वेळा लिहिली होती. एका फाउंड्रीत सैन्यासाठी काही भाग ओतले जातात, त्यांचे नकाशे बाहेर जाताहेत, ते कोण नेतं हे शोधायला आलेला सरकारी माणूस कामगार बनून राहतो, अशी ती गोष्ट. पहिल्या लिखाणात हेराला मोटर होती, पिस्तूल होतं. आठव्या लिखाणात त्याच्याकडे जेवणाचा डबा आणि सायकल एवढंच उरलं होतं.

मी म्हणालो, "पिस्तूल का काढलं?"

"मॅनेजर, आपल्याकडं कोट घालून, काळा चष्मा लावून कोण हिंडला तर मिरजकर तिकटीच्या चौकापासनं पोरं मागं लागतील. त्याला हेरगिरी कशी करता येणार?" देशिंगकर म्हणाले. "मला असा माणूस पाहिजे, जो खोलीतनं गेल्यावर खुर्ची रिकामी होती असं वाटेल."

मालिकेत पैसे घालणाऱ्या जाहिरातवाल्यांना मात्र देखणा हिरो हवा होता. त्यांनी पुण्याचा एक नाटकातला नट सुचवला होता, उंच, घाऱ्या डोळ्यांचा. मी रजिस्टरातून संवाद येणारी अकरा माणसं काढून दिली. देशिंगकरांनी ती यादी बाजूला ठेवली आणि रजिस्टरच ओढून घेतलं. शेवटची पानं नाहीत, पहिल्यापासून. तासाभरानं त्यांचं बोट थांबलं.

"हे फेरे म्हणजे काय?"

मी सांगितलं.

"सहा? एकाच शॉटमध्ये?"

"हो. पण त्याला संवाद जमत नाही. शेरा बघा."

"शेऱ्याला घाला चुलीत. बोलवा त्याला."

निवडीसाठी शेवटी तिघे उरले: पुण्याचा नट, आमच्या पेठेतल्या तालमीचा एक पैलवान, ज्याचं बोलणं खणखणीत होतं, आणि भैरू. देशिंगकरांनी तिघांना समोर बसवून परीक्षा सांगितली. शिवाजी पेठेतल्या कुठल्याही एका घरात जायचं. अर्धा तास बसायचं. त्या घराच्या तीन खऱ्या गोष्टी आणायच्या, बाहेरच्या माणसाला ठाऊक नसलेल्या. नंतर देशिंगकरांचा माणूस त्या घरी जाऊन विचारणार, कोण आलं होतं, कसं दिसत होतं. तीनपेक्षा एकही गोष्ट कमी पडली तर मुख्य काम मिळणार नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं.

पैलवान सकाळी गेला आणि दुपारी आला. ज्या घरात शिरला तिथल्या म्हाताऱ्यानं त्याला ओळखलं, त्याच्या वस्तादाची चौकशी केली आणि लोटाभर दूध पाजून पाठवलं. माहिती शून्य. नटानं मात्र चार गोष्टी आणल्या, एक जास्तच. पण तो बाहेर पडला तेव्हा गल्लीतली पंधरा-वीस पोरं त्याच्या मागोमाग स्टुडिओच्या फाटकापर्यंत आली होती.

दुसरा दिवस भैरूचा. मी दुपारी जेवायला घरी गेलो. ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "अहो, सकाळी रेशनचे साहेब येऊन गेले."

"कशाला?"

"कार्ड बघायला. फार सज्जन माणूस. चहा घेतला. किती वर्षं इथं राहता, माणसं किती, सगळं विचारलं."

माझ्या डोक्यात काही आलं नाही. सहज विचारलं, "कोण होते? ते चष्मेवाले का?"

"चष्मा... होता वाटतं. की नव्हता?"

"उंच होते?"

"उंच असं नाही. बुटकेही नाहीत."

तेव्हा माझा घास हातात राहिला. माझी बायको चार वर्षांपूर्वी शेजारी दिलेल्या पातेल्याला कुठे पोचा होता ते सांगू शकते. तिला अर्धा तास समोर बसलेल्या माणसाचा चष्मा आठवत नव्हता.

"बोलायला कसा होता?"

"अगदी शुद्ध. कचेरीतल्यासारखं. मला म्हणाले, घरात बाहेरची मंडळी किती राहतात? मी म्हटलं, बाराशे सहा! ह्यांच्या वहीत राहतात, आमच्यापेक्षा त्यांचीच बडदास्त जास्त. आणि रजिस्टर ठेवलं त्यांच्यापुढं. हसले. पानं चाळली. एका पानावर मात्र बराच वेळ थांबले हो. मग म्हणाले, अक्षर चांगलं आहे."

मी उठून रजिस्टर उघडलं. कोणतं पान ते शोधावं लागलं नाही. चहाच्या कपाच्या बुडाचा पुसट डाग चारशे बाराच्या पानावर होता.

दर पाडव्याला जिच्या हातचा चहा घेतला, त्या अक्कासमोर हा माणूस अर्धा तास बसला आणि तिनं ओळखलं नाही. आणि गावाकडच्या हाय-न्हायखेरीज ज्याची दुसरी बोली मी कधी ऐकली नव्हती, तो अर्धा तास कचेरीतलं शुद्ध मराठी बोलून गेला. संवाद देऊ नये! मी ताट तसंच टाकून स्टुडिओत गेलो.

मालकांच्या खोलीत भैरू देशिंगकरांसमोर बाकावर बसला होता, भिंतीशी माझ्या हाताखालची माणसं उभी होती. अंगात फाउंड्रीचा निळा शर्ट, नखांत काळी वाळू. देशिंगकर जरा रागातच होते. "सरकारी माणूस म्हणून खोटं सांगून कुणाच्या घरात शिरायचं नसतं, हेब्बाळकर."

"म्या कुठं सांगितलं? दारात हुबा ऱ्हायलो. खिशाला पेन लावलतं. म्हणलं, 'रेशनकार्ड आहे का घरात?' एवढंच. बाकीचा सायेब अक्कांनीच केला."

"आणि सगळी पेठ सोडून मॅनेजरांचंच घर का?"

"दुसऱ्याच्या घरात काय व? तितं मला कोण वळखतंय? हितं सतरा वर्सं वळखत्यात."

देशिंगकर माझ्याकडे बघून हसले. "बरं, सांगा. पहिली गोष्ट."

"मॅनेजर घरातनं भाईर पडताना कुलूप तीन डाव वडून बगत्यात. आणि तीनदा वडलं का न्हाय, ह्ये अक्कांस्नी मोजाय लावत्यात."

खोलीत हशा झाला. खरं होतं.

"दुसरी?"

भैरूनं माझ्याकडे पाहिलं. "रागाला येऊ नका, मॅनेजर. अक्कांस्नी तुमच्या स्टुडिओचा एक बी पिच्चर आवडल्याला न्हाय. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोलत न्हाईत."

हे मला नवीन होतं. पुढे चौकशी केली, खरं निघालं.

"तिसरी?"

भैरू गप्प बसला. मागे माळावर राहिला होता तसाच, समोर बघत.

"तिसरी, हेब्बाळकर?"

"तिसरी न्हाय गावली."

"अर्ध्या तासात दोनच?"

"दोनच."

देशिंगकरांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांचा चेहरा पडला होता. "मग मला पुण्याच्या माणसाला घ्यावं लागेल. मी अट सगळ्यांना सारखीच सांगितली होती. जाहिरातवाल्यांपुढं मला दुसरं काही दाखवता येणार नाही."

"असू द्या की," भैरू म्हणाला. "कामगारांच्या घोळक्यात हुबा करा. ती सवय हाय." आणि उठला.

मला त्या क्षणी नीट कळलं की तिसरी गोष्ट त्याच्याजवळ आहे. ती सांगितली तर काम त्याचं होतं. आणि ती सांगितली तर माझ्या मालकांच्या खोलीत, माझ्या हाताखालच्या माणसांसमोर, सतरा वर्षं 'बघू' म्हणणारा माणूस कोण ते उघड होत होतं. मी गप्प बसलो असतो तर मला कोणी काही म्हटलं नसतं. भैरूनं तर नाहीच. खरं सांगायचं तर मी दारापर्यंत त्याला जाऊ दिलं. तेवढा वेळ मी गप्प होतो, हे इथं लिहून ठेवतो.

मग म्हणालो, "थांब, भैरू. देशिंगकर, तिसरी गोष्ट त्याच्याकडे आहे. तुम्ही वाचलात तो शेरा माझ्याच अक्षरातला, आणि तो लिहून सतरा वर्षं मी याला तोंडावर 'बघू' म्हणत आलो. ते त्यानं आज वाचलं."

भैरू दारातच थांबला. देशिंगकर त्याला म्हणाले, "खरं?"

"अक्षर चांगलं हाय त्यांचं," भैरू म्हणाला.

"मग सांगितलं का नाही?"

"घरात शिरून मिळाल्याली गोष्ट हाय. त्याच माणसाला चारचौघांत खाली बगाय लावायचं असंल तर काय उपेग?"

देशिंगकरांनी पेन्सिल पुन्हा उचलली. मग मलाच म्हणाले, "पण मॅनेजर, शेरा लिहिला तो कशावरून? हा तर बोलतो."

मी माळावरची हकिकत सांगितली. घोडे, मुजरा, गप्प उभं राहणं. सांगून झाल्यावर भैरूकडे वळलो आणि सतरा वर्षांत एकदाही न विचारलेला प्रश्न विचारला. "त्या दिवशी तू बोलला का नाहीस रे?"

"तुमचा हात खाली आला न्हवता."

"असं कसं?"

"न्हवताच आला. तुमी टेकाडाकडं बगत हुतासा. व्हटं हालत हुती. घोडी मोजत हुतासा."

आणि मला लख्ख आठवलं. मी घोडे मोजत होतो. अकरा झाले होते आणि बारावा दिसत नव्हता. तो टेकाडामागं गवताला तोंड लावून उभा होता, हे संध्याकाळी कळलं. बारा होईपर्यंत हात खाली करायचा नाही, असं मीच ठरवलं होतं. बारा झालेच नाहीत. हात वरच राहिला, आणि खाली आला तो सगळे ओरडायला लागल्यावर. माझ्या आकड्यांत चूक नव्हती. चूक एवढीच, की एक घोडा कमी होता म्हणून मी एका माणसाला मुका ठरवलं.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी नवं लागलतासा. लगीन बी नवंच. सायेब लई तापलतं. म्या सांगितलं असतं तर तुमास्नी घरला घालवलं असतं की." मग म्हणाला, "मला वाटलं, फुडच्या पिच्चरला मिळंल."

देशिंगकर खिडकीशी जाऊन उभे राहिले होते. तिथूनच म्हणाले, "मॅनेजर, ज्याला सतरा वर्षं एक गोष्ट पोटात ठेवता येते, त्याची आणि कसली परीक्षा घेऊ?"

जाहिरातवाल्यांचं मन वळवायला महिना गेला. त्यांना पाठवलेले चार फोटो पाहून त्यांच्यापैकी एकानं विचारलं, "हे चौघं भाऊ आहेत का?" देशिंगकर म्हणाले, "साहेब, आता तुम्हीच सांगा, हेर कोणाला करायचं?" तिथे विषय संपला. पुण्याच्या नटाला नकाशे चोरणाऱ्या अधिकाऱ्याचं काम दिलं. तेही त्यानं छान केलं, आणि पत्रं त्यालाच सगळ्यात जास्त आली.

रजिस्टरात मी खाडाखोड करत नाही. चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ मारतो, खालची अक्षरं वाचता येतील अशी, आणि शेजारी सही करतो. चारशे बाराच्या शेऱ्यावर तशी रेघ मारली. पुढे काय लिहायचं ते मात्र सुचलं नाही. ती जागा अजून कोरी आहे.

नमुन्याच्या भागाचा पहिला शॉट शिरोलीच्या एका कारखान्याच्या फाटकावर होता. पाळी सुटते, कामगार बाहेर पडतात, आणि त्या लोंढ्यातून शेवटचा एकजण थांबून वॉचमनशी बोलतो. तोच हेर. माझ्याकडे चाळीस माणसं होती, प्रत्येकी दोन फेरे, म्हणजे ऐंशी. ऐंशीवा फाटकाबाहेर गेला की भैरूनं बोलायचं. देशिंगकर म्हणाले, "मॅनेजर, इशारा तुम्हीच द्या."

मी कॅमेऱ्याशेजारी उभा राहिलो आणि हात वर केला. फाटक उघडलं. सायकली, डबे, निळे शर्ट. माझे ओठ सवयीनं हलायला लागले: एक, दोन, तीन. लोंढ्याच्या मागं भैरू उभा होता. ज्याला मी सतरा वर्षं गर्दीत फिरवलं, तो गर्दीपलीकडून एकटक माझ्या हाताकडे बघत होता. लहान पोर शाळेत पाटीकडे बघतं तसा. बाविसाव्या माणसापाशी मी मोजणं सोडलं. नजर त्याच्यावरच ठेवली. लोंढा पातळ झाला, विरळ झाला, त्याच्या आणि माझ्या मध्ये कोणी उरलं नाही, आणि मी हात खाली आणला.

"पावणं," भैरू वॉचमनला म्हणाला, "पाळी सुटली व्हय? मला वाटलं, माझी अजून यायची हाय."

देशिंगकर 'कट' म्हणायला विसरले. ऐंशी माणसं गेली होती की एकोणऐंशी, मला आजही माहीत नाही.